हवेच्या जॅकवर गाडी उचला, टेकवा मात्र घोडीवर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाशिकचा द्वारका चौक सोडून आडगावच्या बाजूला निघाले की महामार्गाच्या कडेने टायरवाल्यांची दुकाने लागतात. तीच गोष्ट विल्होळीची, पाथर्डी फाट्याची आणि पिंपळगाव बसवंतची. पूर्वी या दुकानांत लोखंडी दांडा घालून वरखाली हलवायचा बाटली जॅक असे. आता बऱ्याच ठिकाणी हवेवर चालणारा हायड्रॉलिक जॅक दिसतो. कॉम्प्रेसरचा पाइप जोडायचा, खटका दाबायचा, टरटर आवाज सुरू होतो आणि भरलेल्या ट्रकचे चाक मिनिटभरात जमीन सोडते. कांदा-द्राक्षाच्या गाड्यांची वर्दळ आपल्याकडे बारमाही आहे; त्यात २०२६-२७ चा सिंहस्थ आहे, म्हणजे बाहेरगावच्या बसगाड्याही आल्या. हे जॅक दिवसरात्र चालणार. म्हणून त्यांच्या वापराविषयी आणि निगेविषयी थोडे सविस्तर लिहीत आहोत. पत्र लांबले आहे, पण मधलाच भाग कापून छापू नये ही विनंती.

हातजॅकचा दांडा माणसाला बरेच काही सांगत असे. ओझे जास्त झाले की दांडा जड व्हायचा, क्लीनर लटकला तरी खाली जाईना. जॅक तिरका होऊ लागला की दांड्याचा रेटा बदलायचा. तेल कमी पडले की दांडा पोकळ लागायचा. हवेच्या जॅकचा खटका दोन टनालाही तेवढाच मऊ आणि वीस टनालाही तेवढाच. हाताला जे आपसूक कळत होते ते आता डोळ्यांनी बघावे लागते, मुद्दाम थांबून बघावे लागते. या जॅकचे बहुतेक धोके इथूनच सुरू होतात असे आमचे मत आहे.

आत काय चालते ते आधी सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. जॅकच्या बाजूला जो डबा दिसतो तो हवेचा मोटर. त्यात एक मोठा पिस्टन हवेच्या जोरावर भराभर मागेपुढे होतो आणि त्याला जोडलेला बारीक प्लंजर तेल दाबतो. समजा हवेचा पिस्टन ७० मिलिमीटर व्यासाचा आहे आणि प्लंजर ७ मिलिमीटरचा. व्यास दहापट, म्हणून क्षेत्रफळ शंभरपट. ८ बार (बार हे दाबाचे माप) हवेतून तेलावर ८०० बारच्या आसपास दाब तयार होतो, घर्षणात थोडा जातो. रॅम म्हणजे तेलाच्या दाबाने वर येऊन ओझे उचलणारा जाड दांडा; ६० मिलिमीटरच्या रॅमचे क्षेत्रफळ साधारण २८ चौरस सेंटिमीटर. २० टन उचलायला तिथे ७०० बारच्या घरात दाब लागतो. शाळेत शिकलेला पास्कलचा नियम तो हाच.

आता यातली खरी गोम. शंभरपट हे गुणोत्तर लोखंडात कापलेले आहे, ते बदलत नाही. हवा ८ ऐवजी १२ बारची दिली की तोच २० टनी जॅक ३० टनांच्या आसपास रेटा द्यायला निघतो. ट्रकच्या टायरमध्ये ११०-१२० पौंड हवा भरायची असते, म्हणून टायरवाल्याचा कॉम्प्रेसर दीडशे-पावणेदोनशे पौंडांवर, म्हणजे १० ते १२ बारवर लावलेला असतो. त्याच लायनीला टी-जोड लावून जॅकचा पाइप काढलेला असतो, मध्ये हवेचा दाब आवरणारा रेग्युलेटर नाही. अशा वेळी जॅक आणि अपघात यांच्यामध्ये एकच वस्तू उरते, ती म्हणजे आतला ओव्हरलोड वॉल्व्ह. एका स्प्रिंगने दाबून धरलेली छोटी गोळी, बस. कारखान्यात ती लावून वर लाख किंवा बूच मारलेले असते. 'जॅक उचलत नाही' म्हणून ते बूच काढून स्क्रू दोन आटे आवळणारे कारागीर आपल्याकडे आहेत, आणि त्या आवळण्याला 'दुरुस्ती' म्हणतात. तो स्क्रू कुणीही हलवू नये. जॅकच्या लायनीवर स्वतंत्र रेग्युलेटर बसवावा, त्यावर काटा असावा, आणि जॅकवर लिहिलेल्या दाबावर, बहुतेक ठिकाणी ८ बारच्या आसपास, तो लावून ठेवावा. वाहनाच्या मानाने ही वस्तू फार स्वस्त आहे.

दुसरी गफलत टनांच्या आकड्याची. बसखाली सरकवायचे बुटके, चाकांचे आणि लांब दांड्याचे जॅक दोन किंवा तीन टप्प्यांचे असतात. त्यांच्यावर ८०/५०/२५ किंवा ५०/२५ असे आकडे असतात. लोक पहिला आकडा वाचतात आणि जॅकला 'ऐंशी टनी' म्हणून मोकळे होतात. ८० टन हा फक्त पहिल्या, जाड नळीचा आकडा. ती संपून आतली बारीक नळी वर येऊ लागली की तेलाचा दाब तोच, क्षेत्रफळ मात्र कमी. शेवटच्या टप्प्यावर हाच जॅक २५ टनी असतो. गाडी जितकी उंच जाते तितका जॅक अशक्त होतो, आणि नेमके तेव्हाच माणूस खाली वाकून बघत असतो. त्यामुळे शेवटचा टप्पा निघायची वेळ येऊ न देणे चांगले. जॅकखाली जाड, पक्का ठोकळा घ्यावा किंवा जॅकबरोबर मिळालेला जोडतुकडा वापरावा. रॅमच्या डोक्यावर वीट, नट, स्प्रिंगचा तुकडा असे काही रचू नये. बाटली जॅकमध्ये फिरवून वर येणारा स्क्रू असतो. तो आधी हाताने वर घेऊन एक्सलला टेकवला तर रॅमला निम्मेच चढावे लागते. बरेच जण हा स्क्रू असतो हे विसरूनच गेले आहेत. चिखलाने जाम झालेला असतो.

ओझ्याचा अंदाज घेताना एक नियम हाताशी ठेवावा. २०१८ च्या सुधारणेनंतर चार टायरच्या एका मागच्या एक्सलवर ११.५ टन आणि जोड एक्सलवर २१ टन अशी कायदेशीर मर्यादा आहे. त्याआधी ती १०.२ आणि १९ टन होती. एक बाजू उचलताना त्या एक्सलचे साधारण निम्मे ओझे जॅकवर येते, म्हणजे पावणेसहा टन. वीस टनी जॅकला हे सहज झेपते असे वाटते, आणि कागदावर झेपतेही. पण माल एका अंगाला सरकलेला असेल, कांद्याच्या गोण्या थप्पी सोडून कलल्या असतील किंवा गाडी मुळातच जास्त भरलेली असेल तर हिशेब कोलमडतो. जॅकच्या आकड्याच्या निम्म्याहून जास्त ओझे येणार असेल तर मोठा जॅक आणावा.

गाडी हलू न देणे हा सगळ्यात दुर्लक्षित भाग, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो. 'गिअरमध्ये टाकली आहे, कुठे जाते?' हे वाक्य रस्त्यावर रोज ऐकू येते. मागचे एक चाक जमिनीवरून उचलले की गिअरचा काही उपयोग राहत नाही. डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतो. उचललेले चाक हवेत मोकळे फिरते आणि जमिनीवरचे चाक निवांत सरकू लागते. ज्या जुन्या आणि हलक्या गाड्यांत हँडब्रेक प्रोपेलर शाफ्टवर असतो त्यांचीही हीच गत. हवेच्या ब्रेकच्या ट्रकमध्ये पार्किंग ब्रेक थेट मागच्या चाकांवर असतो, पण तिथेही एक बाजू उचलली की धरायला दुसरी बाजूच उरते, आणि दोन्ही बाजू उचलल्या तर काहीच नाही. पुढच्या चाकांवर तो ब्रेक बहुधा नसतोच. तेव्हा जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून आणि मागून, दोन्हीकडून उटी लावायची. गोल दगड चालत नाही, त्यावरून चाक चढून जाते. तिरका कापलेला लाकडी किंवा रबरी ठोकळाच हवा, टायरच्या रुंदीइतका, आणि तो टायरच्या पोटात घट्ट सरकवलेला.

घाटात, विशेषतः कसाऱ्याच्या उतारावर, भरलेली गाडी जॅकवर घेऊच नये. गाडी दोन सेंटिमीटर जरी सरकली तरी जॅकचे डोके तिच्याबरोबर सरकते आणि बूड जागेवर राहते. बाटली जॅकचे बूड वीतभर, उंची हातभर. तो एकदा कलला की त्याला सावरणारे काही नसते. पंक्चर टायरवर सावकाश शंभर मीटर जाऊन टायर गेला तर गेला. सपाट जागा मिळवणे त्याहून मोलाचे.

जमिनीचा हिशेबही करून बघा. जॅकचे बूड १५ बाय १३ सेंटिमीटरचे, म्हणजे १९५ चौरस सेंटिमीटर. त्यावर ५ टन आले की प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर २५ किलोंहून जास्त भार पडतो. निफाड-दिंडोरीची काळी माती पावसात एवढा भार अजिबात पेलत नाही, आणि मे महिन्यात दुपारी डांबरही मऊ होते. ४५ बाय ४५ सेंटिमीटरची, दोन इंच जाड सागाची किंवा बाभळीची फळी खाली घातली तर तोच भार अडीच किलोंवर येतो. फळीवर मध्यभागी १० ते १२ मिलिमीटरची लोखंडी पाटी ठेवली की जॅक लाकडात रुतत नाही. मात्र ओल्या काळ्या मातीत फळीही एका बाजूने खचते. तिथे गाडी खडीवर किंवा काँक्रीटवर घेतल्याशिवाय काम सुरू करण्यात अर्थ नाही.

उचलण्याचा क्रम असा ठेवावा. उटी लावल्यावर चाकाचे नट जमिनीवरच अर्धा आटा ढिले करावेत. चाक हवेत असताना नट सोडायच्या हवेच्या बंदुकीचे किंवा लांब दांड्याचे हिसके जॅकला बसू नयेत. जोडचाक असेल, त्यातही रिंगवाली डिस्क (टायर रिंगने अडकवलेली, सुट्या तुकड्यांची रिम) असेल, तर नटांना हात लावण्याआधी दोन्ही टायरमधली हवा वॉल्व्हची पिन काढून पूर्ण सोडावी. आतल्या टायरची डिस्क तडकलेली असली तर तिला नटांनीच धरून ठेवलेले असते, आणि हे बाहेरून दिसत नाही. जॅक एक्सलखाली, पाट्याच्या (स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या) बैठकीजवळच्या सपाट जागी लावावा. यू-बोल्टच्या नटावर नाही, डिफरन्शियलच्या गोळ्याखाली नाही. तिथला चिखल, ग्रीस पुसून घ्यावे, कारण लोखंडावर लोखंड आणि मध्ये ग्रीस म्हणजे घसरगुंडीच. मग पाइप जोडावा आणि खटका दाबून रॅम जेमतेम टेकू द्यावा. इथे थांबून दोन बाजूंनी बघावे, जॅक ओळंब्यात आहे का, डोके मध्यावर आहे का. नंतर पाच सेंटिमीटर उचलून पुन्हा थांबून बघावे. हातजॅकला जे आपोआप होत असे ते हे दोन थांबे करतात.

खटका दाबलेला राहावा म्हणून त्यावर जुन्या ट्यूबची रबरी पट्टी गुंडाळायची आणि तेवढ्यात दुसरीकडे नट सोडायला जायचे, ही रीत ताबडतोब बंद व्हायला हवी. खटका सोडला की जॅक थांबतो, हीच त्याची सुरक्षा आहे. पट्टी बांधली की ती गेली. रॅम पूर्ण संपेपर्यंतही उचलू नये. शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर शिल्लक ठेवावेत. आणि कॉम्प्रेसर बंद पडला म्हणून गॅस कटिंगच्या ऑक्सिजन सिलिंडरवर जॅक लावण्याचा विचारही नको. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की ठिणगीचीही गरज लागत नाही.

गाडी वर गेली की लगेच घोडी, म्हणजे ओझे पेलून धरणारा लोखंडी टेकू. जॅक उचलण्यासाठी आहे. त्याच्या भरवशावर चाक काढून हबमध्ये डोके घालायचे नाही. कारण आत ओझे धरून ठेवणारी वस्तू म्हणजे ५-६ मिलिमीटरची पोलादी गोळी आणि तिची तासलेली बैठक. त्या दोहोंत वाळूचा एक कण अडकला तर गाडी खाली येते, कधी इतकी सावकाश की लक्षात येत नाही, कधी एकदम. घोडी एक्सलखाली किंवा चासीच्या मजबूत भागाखाली लावावी, जॅक अलगद उतरवून पूर्ण ओझे तिच्यावर येऊ द्यावे, मग गाडीला हाताने हलवून बघावे. काही हलले नाही, तरच पुढचे काम. रिकामा जॅक खाली तसाच टेकवून ठेवायला हरकत नाही, तो दुसरा आधार.

घोडीचीही पारख हवी. भंगारातल्या पाइपला तीन पाय जोडून केलेल्या घोड्या बाजारात भरपूर आहेत. जोडावरचे वेल्डिंग, पायांमधले आडवे पट्टे आणि किती टनांची हे कोरलेले आहे का ते बघावे. भोके पाडलेल्या घोडीची मूळ खीळ हरवली की त्या जागी बांधकामाची सळई घालतात. मूळ खीळ वेगळ्या, कणखर पोलादाची आणि भोकाच्या मापाची असते. सळई भोकात सैल राहते आणि ओझ्याखाली वाकते. एअर सस्पेन्शनच्या बसखाली शिरायचे असेल तर घोडी एक्सलखाली लावून भागत नाही, कारण फुग्यातली हवा गेली की एक्सल जागेवर राहतो आणि बॉडी खाली येते. तिथे बॉडीच्या ठरवून दिलेल्या जागांखाली आधार लागतो. उतरवताना आधी दोन सेंटिमीटर उचलून घोडी मोकळी करून काढावी, मग उतरवण्याचा नॉब पाव आटा उघडावा. नॉब एकदम उघडला की टनभर नव्हे, पाच-सहा टन ओझे धाडकन खाली येते. आतल्या सीललाही तो धक्का सोसत नाही.

आता निगा. या जॅकचा सगळ्यात मोठा शत्रू पाणी. ८ बारला नऊ खोल्यांची हवा एका खोलीत कोंबलेली असते. त्या हवेतला दमटपणा मावत नाही, म्हणून पाणी होऊन कॉम्प्रेसरच्या टाकीच्या तळाशी बसतो. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये रोज संध्याकाळी खालचा कॉक उघडला तर गढूळ, गंजाच्या रंगाचे पाणी निघतेच. ते काढले नाही तर पाइपातून हवेच्या मोटरमध्ये जाते, पिस्टनच्या भिंतीवर गंज धरते आणि एका सकाळी जॅक नुसता 'फुस्स' करतो. कॉक रोज उघडावा, लायनीवर पाणी अडवणारा फिल्टर बसवावा, आणि पाइप जॅकला जोडण्याआधी क्षणभर मोकळी हवा सोडून त्यातला कचरा उडवावा. जोडाच्या तोंडात बारीक जाळी असते. ती महिन्यातून एकदा काढून धुवावी.

मोटरला तेलही द्यावे लागते आणि हे तेल रॅमच्या तेलापेक्षा वेगळे. सकाळी काम सुरू करण्याआधी हवेच्या जोडात एअर टूल ऑइलचे पाच-सहा थेंब टाकून ओझ्याविना काही सेकंद चालवावे. लायनीवर तेलाची वाटी असेल तर हे आपोआप होते. इंजिन ऑइल टाकू नये, ते चिकट होऊन बसते. रॉकेल-डिझेलने मोटर त्या दिवसापुरता सुटतो आणि सील सुकतात.

हायड्रॉलिक तेल जॅकच्या पुस्तिकेत लिहिले असेल तेच घालावे. बहुतेक ठिकाणी २२ किंवा ३२ नंबरचे चालते. दुकानात ६८ नंबरचे सहज मिळते म्हणून तेच ओतले जाते. उन्हाळ्यात त्याने भागतेही, पण निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरतो तेव्हा ते इतके घट्ट होते की जॅक चढायला आणि उतरायला दोन्हीकडे रडतो. ब्रेक ऑइल तर कधीच नाही. जॅकची सील नायट्राइल रबराची असतात, ब्रेक ऑइलमध्ये ती फुगून मऊ पडतात आणि सगळा जॅक उघडावा लागतो. जळके इंजिन ऑइल म्हणजे त्या इवल्या गोळ्यांखाली काजळी पेरणे.

तेलाची पातळी रॅम पूर्ण खाली, जॅक उभा आणि जमीन सपाट असताना बघायची. बूच काढल्यावर तेल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत दिसले पाहिजे, त्याहून वर नको. रॅम वर असताना 'तेल कमी दिसते' म्हणून भरले की घोटाळा होतो. रॅम खाली येताना सगळे तेल टाकीत परतते, जागा पुरत नाही, मग ते बुचातून उडते किंवा रॅम अर्ध्यावर अडून बसतो. कमी पडले तर काय होते तेही मोजता येते. ६० मिलिमीटरचा रॅम १५ सेंटिमीटर चढायला सव्वाचारशे मिलिलिटर तेल लागते. छोट्या पेलाभर, म्हणजे १०० मिलिलिटर तेल कमी असेल तर रॅम साडेतीन सेंटिमीटर आधीच थांबतो. 'जॅक पूर्ण चढत नाही' ही तक्रार घेऊन आलेल्या जॅकमध्ये पुष्कळदा एवढेच निघते.

तेल भरल्यावर आतली हवा काढायला विसरू नये. बूच जरा सैल, उतरवण्याचा नॉब उघडा, जॅकवर काहीही ओझे नाही, अशा स्थितीत १० ते १५ सेकंद हवा द्यावी. मग नॉब बंद करून रॅम पूर्ण वर घ्यावा, पुन्हा पूर्ण खाली, असे दोन-तीनदा. रॅम लचकत, अडखळत चढत असेल तर आत अजून हवा आहे. वर्षातून एकदा तेल पूर्ण बदलावे; खडी-क्रशरच्या किंवा बांधकामाच्या धुळीत काम असेल तर सहा महिन्यांनी. आडवा करून जुने तेल काढावे, थोड्या नव्या तेलानेच खंगाळून तेही टाकून द्यावे, मग भरावे. निघालेले तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी, बारीक चमकी दिसली तर आत झीज.

बिघाडाची जागा बऱ्याचदा बाहेरूनच कळते. मोटर चालतो पण रॅम हलत नाही, तर आधी नॉब नीट बंद आहे का बघा, मग तेल, मग आतली हवा. ओझ्याखाली रॅम बसतो आणि त्याच्या गळ्याशी तेलाची कडा दिसते, तर वरचे सील गेले. बसतो पण बाहेर थेंब नाही, तर तेल आतल्या आत परत जाते आहे, म्हणजे गोळी आणि तिची बैठक. हवेच्या मोटरच्या सायलेन्सरमधून तेलाचा फवारा येत असेल तर प्लंजरचे सील संपले. याला पुष्कळ जण 'ऑइलिंग जास्त झाले' म्हणतात आणि महिनाभर तसेच चालवतात, इकडे जॅकमधले तेल संपत आलेले असते. रॅम खाली यायला कुरकुरतो तर तो वाकला आहे, गंजला आहे किंवा तेल जास्त भरले आहे. वाकलेला रॅम सरळ करून घेऊ नये, भंगारात द्यावा.

एक चाचणी प्रत्येक दुकानाने महिन्यातून एकदा करावी. रिकामा ट्रक सपाट काँक्रीटवर घ्यावा, उटी लावाव्यात, घोडी बोटभर अंतर ठेवून खाली आधीच सरकवून ठेवावी, आणि जॅकवर बाजू उचलावी. रॅमवर, गळ्यालगत खडूने खूण करावी. दहा मिनिटांनी ती खूण ३ मिलिमीटरहून जास्त खाली गेली असेल तर तो जॅक दुरुस्तीपर्यंत बाजूला. खर्च काहीच नाही.

आणि एक गोष्ट, जी फार कमी लोकांना माहीत आहे. तेल कुठून गळते हे बोटाने चाचपू नये. सहा-सातशे बारच्या दाबाने सुईच्या भोकातून निघालेले तेल कातडी भेदून आत जाते. वर फक्त टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला दुखतही नाही, आणि आत मांस सडायला लागते. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. असे झाले तर मलम लावून घरी न जाता थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि 'हायड्रॉलिक तेल दाबाने आत गेले आहे' हे शब्द डॉक्टरांना स्पष्ट सांगावेत. गळती बघायला पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरला की पुरते.

रात्री दुकान बंद करताना रॅम पूर्ण खाली, नॉब बंद, पाइप सोडलेला, आणि जॅक पुसून उभा ठेवलेला असावा. रॅम वर ठेवून जॅक पावसात राहिला तर चकचकीत भागावर गंजाचे ठिपके उठतात आणि पुढच्या प्रत्येक चढउतारात ते सील खरवडतात.

आमची मागणी फार मोठी नाही. अंबड-सातपूर भागातल्या आणि शहरातल्या अवजार विक्रेत्यांनी हवेचा जॅक विकताना त्याच्यासोबत मराठीत छापलेले एक पान द्यावे: किती बार हवा, कोणत्या नंबरचे तेल, कोणत्या टप्प्याला किती टन. जॅकसोबत घोड्यांची जोडी आणि रेग्युलेटर घेतल्याशिवाय बिल करू नये, निदान गिऱ्हाइकाला तसे सांगावे तरी. माल वाहतूकदारांच्या संघटनांनी आपल्या चालकांना दोन उटी आणि एक फळी गाडीत ठेवायला लावावी. सिंहस्थासाठी बाहेरच्या बसगाड्यांचे तळ उभे राहतील, तिथे टायरच्या कामाला काँक्रीटची एक सपाट पट्टी, साधारण ट्रकच्या लांबीची, आखून द्यावी; मातीच्या मैदानात ऑगस्टच्या पावसात जॅक लावायला कोणालाच जागा मिळणार नाही. या पट्टीचे काम आराखड्यात आत्ताच घालता येईल, तळ भरल्यावर नाही.

आपले,
अवजड वाहनांच्या दुरुस्तीच्या कामातील काही वाचक,
आडगाव नाका परिसर, नाशिक